कुंपणाची तार

वहिनीनं बाईसाहेबांच्या जबड्यात आडवा हात घातला, मान वर उचलून धरली आणि बाटलीतलं काळं औषध घशाशी ओतलं. बाईसाहेबांनी ते क्षणभर तोंडात घोळवलं, विचार केल्यासारखं केलं आणि सगळंच्या सगळं वहिनीच्या बाहीवर परत दिलं.

"शहाणी आहेस," बाही झटकत वहिनी म्हणाली. "अक्का निदान गिळतात तरी."

बाईसाहेब म्हणजे गाय. तांबूस रंगाची, पापण्या लांब, आणि घरात पाहुणी म्हणून आल्यापासून एकदाही पाहुणीसारखी न वागलेली. अक्का म्हणजे वहिनीची नणंद, भाऊची थोरली बहीण. दोघी एकाच दिवशी या घरी आल्या, गेल्या हिवाळ्यात, अक्काचे यजमान तापाने गेले त्यानंतर. अक्काच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात गाईचं दावं. दावं कुणी मागितलं तरी तिनं सोडलं नव्हतं.

आता दोघींचंही अंग उतरत चाललं होतं. बाईसाहेब गवतात तोंड घालत आणि तसंच बाहेर काढत. दूध आटत आलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. त्यांच्या मदतनिसानं रक्त तपासायला पाठवलं आणि आकडे कळवले: लोह कमी, ड जीवनसत्त्वही कमी. भाऊनं पुढचं काही विचारलं नाही. कमी आहे म्हटल्यावर घालायचं, इतका त्याचा सरळ हिशेब. तो येतानाच लोहाच्या औषधाची मोठी बाटली घेऊन आला. अक्काला तिच्या डॉक्टरांनी जवळजवळ हेच सांगितलेलं होतं. त्यामुळे वहिनीचं काम सोपं झालं. सकाळी दोघींना औषध, दुपारी दोघींना ऊन.

रोज दुपारी अंगणातल्या पांढऱ्या भिंतीशी एक खुर्ची मांडली जाई आणि तिच्या शेजारी गाय बांधली जाई. दोघी अर्धवट डोळे मिटून बसत. ऊन भिंतीवरून हळूहळू सरके, त्यामागे वहिनी आधी खुर्ची सरकवी, मग गाय. त्या वेळी अंगणात इतकी शांतता असे की वहिनीला आपण जागे आहोत की नाही अशी शंका येई, आणि भांडं मुद्दाम आपटून ती खात्री करून घेई.

ऊन उतरलं की अक्का शिडी चढून गोठ्यावरच्या माळ्यावर जाई. तिथे ती कापडाची फुलं करायची. दुकानांच्या काचेमागे मांडायला, टोप्यांवर लावायला शहरातून मागणी असे. माळ्याच्या जुन्या फळ्यांना फटी होत्या. खाली गोठ्यात उभं राहिलं की वरून अधूनमधून एखादी गुलाबी पाकळी गळून येताना दिसे, उन्हाच्या पट्ट्यात थबके आणि बाईसाहेबांच्या पाठीवर उतरे. भाऊ संध्याकाळी गाईच्या पाठीवरून हात फिरवून पाकळ्या झाडायचा. वर कात्रीचा आवाज चाले, माणसाचा नाही.

अक्काला बोलतं कसं करावं याची वहिनीला चिंता होती. तिनं सूप करून पाहिलं, शेजारणींना बोलावून पाहिलं, विनोद सांगून पाहिले. एक गोष्ट मात्र घरात कटाक्षाने पाळली जाई. दाजींचं नाव निघायचं नाही. भाऊनंच पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं, "तिच्यासमोर दाजींचा विषय नको. खपली निघेल." वहिनीला ते पटलं होतं. दाजी कालव्याच्या फाटकाचे रखवालदार होते, म्हणून कालव्याचंही नाव बंद झालं. बाजाराला जायचा जवळचा रस्ता कालव्यावरून होता, तर भाऊ अक्काला घेऊन लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला. एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून "दाजी" असा शब्द अर्धा बाहेर पडला आणि त्यानं तो "दा... दार लाव गं" असा वळवला. दार लावलेलंच होतं. अक्का उठली आणि तिनं ते उघडून पुन्हा लावलं.

औषधानं कुणालाच गुण येईना. बाईसाहेब आता पाठ कमानीसारखी उचलून उभ्या राहू लागल्या, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून, आणि अंगणाच्या उतारावर पाऊल टाकायला कुरकुरू लागल्या. एका संध्याकाळी भाऊ वहिनीला विहिरीपाशी घेऊन गेला.

"बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला यायला सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला.

"अक्कांना?"

"नंतर सांगू. असं डोळ्यांसमोर मरताना पाहण्यापेक्षा बरं."

"अहो, त्या गाईशिवाय त्यांच्यापाशी काय आहे?"

भाऊ वाईट माणूस नव्हता. बहिणीला रडताना बघायची त्याच्यात ताकद नव्हती, एवढंच. वहिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई रजेवरून परतल्या होत्या.

त्या आल्या त्या सकाळी धुकं होतं. गोठ्याच्या दारातून ते पायांपर्यंत आत आलं होतं, आणि गाय त्यात उभी होती, पाय नसल्यासारखी. डॉक्टरीणबाई उंच, मोठ्या हातांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी नुसतं पाहिलं. मग विचारलं,

"लहानपणी काही आजार?"

"आमच्याकडे आली तेव्हा ठणठणीत होती," भाऊ म्हणाला.

"त्याआधी कुणाकडे होती?"

भाऊनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं बादलीकडे.

"होती एका ठिकाणी."

"एका ठिकाणी म्हणजे? अहो, गाय तर सांगणार नाही. तुम्ही तरी सांगा."

वर कात्री थांबली. शिडीच्या पायऱ्या एकेक करून कुरकुरल्या. अक्का खाली उतरली, हाताला चिकटलेले कापडाचे धागे काढत.

"आमच्याकडे होती," ती म्हणाली. "मी सांगते. माझ्या यजमानांनी वाढवलेली आहे."

भाऊ पटकन पुढे झाला. "अक्का, तू बस बरं, मी सांगतो..."

"तुम्हाला ठाऊक आहे का?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं. नव्हतं. तो मागे सरला.

डॉक्टरीणबाईंनी गाईच्या बरगड्यांना नळी लावली आणि ऐकता ऐकताच एकेक विचारत राहिल्या. काय चरायची, कुठे बांधायचे, काही खाऊ नये ते खाल्लं होतं का. अक्का सांगत गेली. कालव्याच्या काठचं गवत. फाटकाची साखळी वाजली की ही कान टवकारायची. एकदा यांच्या कोटाचं पितळी बटण हिनं चाटता चाटता गिळलं, आणि सरकारी बटण म्हणून हे रोज शेण उकरत बसले. शेवटी सापडलं तेव्हा धुऊन, घासून पुन्हा कोटाला लावलं, आणि त्या दिवसापासून साहेब तपासणीला आले की हे त्या बटणाकडे बघून हसू दाबायचे.

वहिनी बादली हातात धरून उभी होती. अक्काच्या गालांवर रंग आला होता. धुक्यात तो स्पष्ट दिसत होता. आपण इतके दिवस सूप ओततोय, आणि या बाईनं येऊन तीन प्रश्न काय विचारले, असं तिच्या मनात आलं. तिला डॉक्टरीणबाईंचा थोडा रागही आला.

बटणाची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाईंनी नळी काढली. पिशवीतून एक होकायंत्र बाहेर काढलं आणि गाईच्या कोपरामागे छातीशी धरलं. सुई हलली नाही.

"हिच्या पोटात लोहचुंबक कुणी घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "काही गाईंना आधीच घालून ठेवतात. गाय चावत बसत नाही, वेचत नाही, जे येईल ते गिळते. खिळा, तार, काहीही. ते पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन बसतं. चुंबक असलं तर त्याला चिकटून गुपचूप पडून राहतं. नसलं तर टोचतं."

मग त्यांनी गाईच्या खांद्यांमागची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आवळली. निरोगी गाय पाठ खाली दबवते. बाईसाहेबांनी पाठ ताठ ठेवली आणि घशातून एक बारीक, माणसासारखा कण्हण्याचा आवाज काढला. अक्कानं गाईच्या कपाळावर तळहात ठेवला.

"पण मग लोह कमी कसं?" भाऊ म्हणाला. "पोटात लोखंड आणि रक्तात लोह नाही, हे काय गणित आहे?"

"कमी नाही झालेलं. दडवलंय." डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "आत कुठे सूज आली की शरीर हे करतं. रक्तातलं लोह काढून आत कोंडून ठेवतं. जंतूंना वाढायला लोह लागतं ना, त्यांच्या हाती लागू नये म्हणून. आपण रक्त काढून बघतो, आपल्याला आकडा कमी दिसतो."

"गाय पान्हा चोरते तसं," वहिनी म्हणाली.

"तसंच. तिच्यापाशी आहे, पण ती देत नाही. आणि वरून आपण बाटल्या ओतल्या तर गाईपेक्षा जंतूंचंच फावायचं. बाटली बंद करा."

"आणि ऊन?"

"उन्हानं काही बिघडलं नाही. सुधारणारही नव्हतं. सुजेत तोही आकडा उतरतो. नेमका का, यावर आमच्यातच वाद आहेत. पण उतरतो खरा."

"मग हिला कमी आहे तरी काय?" भाऊचा आवाज रडकुंडीला आला होता.

"कमी काही नाही हो. कुठे दुखतंय ते शोधायचं होतं. आता सापडलंय. उद्या उघडावं लागेल."

वहिनीनं अक्काकडे पाहिलं. अक्का गाईच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी हळू बोलत होती.

त्या रात्री जेवताना भाऊ वहिनीपाशी पुटपुटला, "डॉक्टरीणबाईंनी नको तो विषय काढला. आता अक्का रात्रभर झोपायची नाही." अक्का समोरच बसली होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ताट उचलून ती उठली, आणि सकाळी गालांवर आलेला रंग आता दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाईला उभ्यानंच, डाव्या कुशीत बधिर करून उघडलं. अक्कानं डोकं धरलं, भाऊनं शेपूट. वहिनी गरम पाण्याचं घमेलं घेऊन डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत गेला. त्यांनी डोळे मिटले होते. अंधाऱ्या कपाटात वरच्या फळीवर काहीतरी चाचपणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. बाईसाहेब रवंथ करायचा प्रयत्न करत होत्या. माळ्याच्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली येत होतं आणि कुणालाही घाई नसल्यासारखं वाटत होतं.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं हात बाहेर आला. बोटांच्या टोकांत बोटभर लांबीची बारीक तार होती. ती त्यांनी वहिनीच्या घमेल्यात टाकली.

पाण्यात तारेवरची घाण सुटली. खाली हिरव्या कागदाची पट्टी दिसली, तिरकी, घट्ट गुंडाळलेली. तशी पट्टी या घरात एकच माणूस गुंडाळत असे, फुलांच्या देठांना. वहिनीनं वर पाहिलं. माळ्याची फट बरोबर गव्हाणीवर होती.

"काय निघालं?" शेपटाकडून भाऊनं विचारलं.

वहिनीची मूठ पाण्यातच मिटली.

"तार आहे. कुंपणाची असेल."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि टाके घालायला सुई उचलली. गाईच्या डोक्याशी अक्का होती. तिला इथलं काही दिसत नव्हतं. दाजींची गाय अक्काच्याच फुलांनी मरणाला टेकली होती, हे तिला कळलं तर ती उभी राहणार नाही. त्यापेक्षा कुंपण बरं. कुंपणाला काही वाटत नाही.

व्यापाऱ्याला भाऊनं दारातूनच परत पाठवलं. पुढचे कितीतरी दिवस तो कुंपणाच्या मागे लागला होता. जुनी तार उपटली, नवी लावली, तिची टोकं आत वळवून ठोकली, आणि रोज जेवताना त्या जुन्या तारेला शिव्या घातल्या. वहिनी मान डोलवायची. एक दिवस तिनं माळ्यावर जाऊन फटींवर पट्ट्या ठोकल्या.

"कशाला?" अक्कानं विचारलं.

"वारा येतो खालून. तुम्हाला बाधेल."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा कात्री चालू झाली. आता पाकळ्यासुद्धा खाली येईनात. वहिनी गोठ्यात जायची तेव्हा वर फक्त अंधाऱ्या फळ्या दिसायच्या, आणि खिशात ती तार असायची. ती का टाकून देता येत नव्हती हे तिलाच सांगता आलं नसतं.

बाईसाहेब मात्र सुधारल्या. आधी नुसतं हुंगणं, मग एखादी काडी, मग सगळ्या गव्हाणीवर हक्क. डॉक्टरीणबाईंनी पोटात चुंबक सोडलं होतं, ते आता कायमचं तिच्यापाशीच राहणार होतं. त्या टाके काढायला आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा रक्त नेलं, आणि आकडे सांगायला स्वतः येऊन गेल्या. लोह वर आलं होतं. दुसरा आकडाही.

"बाटली तर मी ओतून टाकली होती," भाऊ म्हणाला. "मग हे आलं कुठून?"

"आणायचं कुठून? होतंच तिच्यापाशी. आता लपवायचं कारण राहिलं नाही, एवढंच."

डॉक्टरीणबाई गेल्या. भाऊ खुशीत कुंपणाकडे गेला. वहिनी बराच वेळ गोठ्यात उभी राहिली. गाय खात होती, त्याचा ओला, एका लयीचा आवाज येत होता. घरात एक तार होती, ती आपण झाकली. दाजी झाकले, कालवा झाकला, फटीसुद्धा झाकल्या. आणि वर ती बाई फिकी पडत चालली आहे, आणि आपण विचारतोय की हिला काय कमी पडतंय. वहिनीला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. ती शिडी चढली.

अक्का खिडकीपाशी होती. समोर गुलाबांचा ढीग. तिनं मान वर केली नाही.

"अक्का," वहिनी म्हणाली. "तार कुंपणाची नव्हती."

तिनं तळहात पुढे केला. अक्कानं तार उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. हिरवा कागद टोकाशी उसवला होता. तो तिनं नखानं थोडा सरळ केला, सवयीनं.

"पानाच्या देठाची आहे," ती म्हणाली. "माझी."

"फटीतून पडली असेल. तुमचा काय दोष त्यात..."

अक्कानं हात वर केला. अक्का खाली बसलेली होती ती तशीच आणखी खाली वाकली, कपाळ गुडघ्यांना टेकेपर्यंत, आणि रडू लागली. आवाज मोठा नव्हता. पण अक्का या घरात आल्यापासून वहिनीनं तो पहिल्यांदाच ऐकला. चूक केली, असं वहिनीला वाटलं. भाऊ म्हणत होता तेच बरोबर होतं. शिडीकडे पळून जावं असं तिला वाटलं, पण ती गेली नाही.

खूप वेळानं अक्कानं तोंड पुसलं. तार अजून तिच्या बोटांत होती. तिच्याकडे बघता बघता तिच्या ओठांच्या एका कोपऱ्याला काहीतरी झालं.

"हे असते ना," ती म्हणाली, "तर वर्षभर ऐकवलं असतं मला."

वहिनीच्या ओठांवर सवयीचं वाक्य आलं. जाऊ द्या अक्का, कशाला आठवायचं. ते दातांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. पुढचा शब्द इतके दिवस न वापरल्यामुळे जिभेला जड लागला.

"काय ऐकवलं असतं दाजींनी?"

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या स्टुलावरची फुलं दोन्ही हातांनी उचलून तिनं जमिनीवर ठेवली.

"बस आधी," ती म्हणाली. "उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही ते."